परतीचे घोडे

आषाढ सरत आला की वाशिष्ठीच्या खाडीला सह्याद्रीचा रंग चढतो. घाटमाथ्यावरून धुऊन आलेली तांबडी माती, कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी, ओढ्यांनी वाटेत गोळा केलेला पालापाचोळा, सगळं अंगावर घेऊन नदी दाभोळपाशी समुद्राला भेटते, आणि मुखाशी एक लांबलचक वाकडी रेघ उमटते. अलीकडे गेरू, पलीकडे शेवाळी राखाडी, मधोमध फेसाचा पांढरा धागा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, म्हणून होड्या वर ओढलेल्या, माडाच्या झापांखाली निवांत. पावसाचा आवाज झापांवर एक, फायबरवर दुसरा, ओल्या वाळूवर तिसरा. त्यांतच आमची नाव आहे. नाळेपासून मागच्या फळीपर्यंत अठरा फूट, गोल पोटाची, पुढच्या अंगाला दोन माणसं वाकून शिरतील आणि पाय पसरून निजतील एवढी केबिन, दोन बाजूंना दोन काचा, आत कंदील टांगायला एक आकडा. रंग नवा आहे. मागची फळी मोकळी आहे.

त्या फळीवर किती घोडे बांधायचे?

दुकानदाराच्या यादीत हे आकडे ओळीने उभे असतात. ५, ९.९, १५, २०, ४०, ६०. धक्क्यावर भेटणारा प्रत्येक जणही तेवढंच विचारतो, ‘किती एचपी?’ आणि उत्तराच्या आकड्यावरून नावेची आणि नाववाल्याची पत ठरवून पुढे जातो. पण पावसाच्या उघडिपीत नावेच्या पोटाशी टेकून बसलं, तिच्या गोलाईवरून तळवा सावकाश फिरवला, जिथपर्यंत पाणी चढेल तिथे मनातल्या मनात एक रेघ ओढली, की वाटतं, हे उत्तर हिच्याच अंगात कुठेतरी आधीपासून आहे; फक्त कान लावून बसायला हवं.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स वॉटने आपल्या वाफेच्या इंजिनाची ताकद गिऱ्हाइकांना उमजावी म्हणून ती घोड्यांत मोजली. गिरणीला जुंपलेला, चक्राभोवती गोल गोल फिरणारा घोडा; त्याचं काम त्याने मिनिटाला ३३,००० फूट-पौंड धरलं. आजच्या हिशेबाने ७४६ वॉट. इंजिनाच्या टोपावर चिकटवलेला झगझगीत आकडा पाहिला की मला तो घोडा दिसतो. मान खाली घातलेली, घामेजल्या अंगातून निघणारी वाफ, पायांनी तुडवून गुळगुळीत झालेलं वर्तुळ, आणि दिवसभर चालूनही संध्याकाळी तो तिथेच. त्याला कुठे जायचं नव्हतं. आम्हाला जायचं आहे, आणि परत यायचं आहे.

या किनाऱ्यावर कितीतरी शतकं ही निवड कुणी केलीच नाही. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटे, गार, अंगणातल्या शेणसड्याचा आणि ओल्या गवताचा वास घेऊन येणारा. त्यावर शीड उभारून मचवे बाहेर पडत. दुपार कलली की खारा वारा फिरे आणि तोच त्यांना घरी आणून सोडी. मध्ये भरती-ओहोटीचं वेळापत्रक. ते पंचांगातून निघे, तिथीची पाऊणपट करून. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. अजूनही आमच्या धक्क्यावरची जुनी माणसं बोटांच्या पेरांवर हा हिशेब करतात आणि मोबाइलमधल्या तक्त्याशी तो फार चुकत नाही. ताकद तेव्हा विकत मिळत नव्हती. ती ठरलेल्या वेळी यायची, ठरलेल्या वेळी जायची, आणि माणसं तिच्या दारात उभी राहायची.

माझे बाबा लहानपणी गोवळकोटहून लाँचने खाली दाभोळला आले होते, मुंबईची आगबोट गाठायला. ते सांगायचे तेव्हा त्यांच्या सांगण्यात लाँच फार हळू चाले. वळणं येत, तिवरांच्या मुळांत बसलेले बगळे न उडता नुसते मान वळवून बघत, चिखलाच्या पट्ट्यावर ओंडका पडलेला असे आणि जवळ गेल्यावर त्या ओंडक्याला डोळे फुटत आणि मगर सरकन पाण्यात जाई. डिझेलचा वास, कुणाच्या तरी फणसाचा वास, बायकांच्या ओच्यातल्या फुलांचा वास. ते पाण्यात बोट धरून बसत आणि बोटाच्या दोन्ही बाजूंनी पाणी फाकताना बघत राहत. ‘किती वेळ लागायचा बाबा?’ असं मी विचारलं की त्यांना तो आठवत नसे. बोटाला लागलेलं पाणी मात्र आठवे.

मला वाटतं, केबिनची नाव घ्यावी असं माझ्या मनात आलं ते त्या बोटापासून. पोचण्याची घाई असलेल्या माणसाला केबिन लागत नाही. त्याला बाक पुरतो. केबिन हवी असते ती मुक्कामाला. तिवरांच्या आडोशाला नांगर टाकून, स्टोव्हवर चहा ठेवून, काचेवर साचलेल्या दमट धुक्यावर हाताने खिडकीएवढी जागा पुसून, ओहोटीबरोबर उघडी पडत जाणारी चिखलाची जमीन आणि तिच्यावर धावणारे शिंपलीएवढे खेकडे बघत बसायला. म्हणजे या नावेच्या इंजिनाचा विचार करायचा तो तिच्या स्वभावाला धरून. आणि तिचा स्वभाव मला एका रात्री दिसला होता.

कार्तिकातली अमावास्या होती. याच घडणीची दुसरी एक नाव, ओळखीच्यांची. आम्ही दाभोळहून आत येत होतो. त्या दिवसांत कधीकधी आपल्या समुद्राचं पाणी हलवलं की उजळतं. त्यात सूक्ष्म जीव असतात आणि ते धक्का बसला की निळसर चमकतात. दिवे मालवले होते. वर चांदण्या, खाली काळोख, आणि त्या काळोखात फक्त आमची नाव जिथे पाण्याला शिवत होती तेवढंच पाणी पेटलेलं. दिवसा लाट दिसते पण तिचा आकार डोळ्यांत भरत नाही. त्या रात्री तो रेखून दाखवल्यासारखा दिसला. नाळेशी एक उजळ कंगोरा उठे, नावेच्या अंगाबरोबर खाली वळे, कमरेशी खोल जाई आणि पाठीमागे पुन्हा वर येई. इंजिन जरा वाढवलं की तो मागचा कंगोरा आणखी मागे सरके. शेवटी एक कंगोरा बरोबर नाळेखाली आणि दुसरा बरोबर मागच्या फळीखाली आला, आणि नाव त्या दोहोंच्या मधल्या निळ्या खळग्यात, आपणच घडवलेल्या लाटेच्या कुशीत, बसून राहिली. तिथून पुढे मूठ कितीही पिळली तरी आवाज वाढला, उजेड वाढला, थरथर वाढली.

वेग वाढला नाही.

विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात हेच पाहिलं होतं. १८६७ साली डार्ट नदीवर त्याने ‘हंस’ आणि ‘डोमकावळा’ अशा अर्थांची नावं दिलेल्या दोन घडणींच्या लहान प्रतिकृती पाण्यातून ओढून पाहिल्या. पुढे १८७२ मध्ये टॉर्कीला घराजवळ एक लांब हौद बांधला आणि त्यात मेणाच्या नावा ओढत त्यांच्या लाटा न्याहाळल्या. मला त्या हौदाचा फार मोह वाटतो. बंद छपराखालचं निश्चल पाणी, मेणाचा मंद वास, आणि एक दाढीवाला माणूस श्वास रोखून एवढंच बघतोय की छोटीशी नाव आपल्यापुढे किती मोठी लाट उभी करते. लाट जितकी लांब तितकी ती वेगाने धावते. आणि नाव पाण्यात बसून चालणारी असेल तर ती आपल्या अंगाएवढ्या लांब लाटेच्या वेगाने चालते, त्यापलीकडे तिला आपलीच लाट चढावी लागते. हिशेब सोपा आहे. पाणरेषेची लांबी फुटांत घ्यावी, तिचं वर्गमूळ काढावं, १.३४ ने गुणावं. येतात ते नॉट. आमच्या नावेची पाणरेषा सोळा फूट. सोळाचं वर्गमूळ चार. म्हणजे ५.३६ नॉट, ताशी जेमतेम दहा किलोमीटर. सायकलवरून शाळेत जाणाऱ्या मुलीचा वेग.

एवढ्या चालीला घोडे फार लागत नाहीत. माणसं, पाणी, पेट्रोल, नांगर सगळं धरून आमची नाव सव्वा टनाच्या आसपास जाईल. अशा पोटाच्या नावेला शांत पाण्यात तिच्या चालीपर्यंत न्यायला टनामागे साधारण चार घोडे पुरतात. पाच घोडे, बस्स. आणि त्या चालीच्या थोडं आत राहिलं तर त्याहूनही कमी, कारण पाण्याशी वेगाचा व्यवहार फार महाग आहे: वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट लागते, आणि नाव आपल्या लाटेच्या चढाला लागली की आठपटीवरही भागत नाही. मागची बाजू खळग्यात रुतते, नाळ आभाळाकडे उचलली जाते, केबिनच्या काचेतून समोरची खाडी दिसेनाशी होऊन नुसते ढग दिसू लागतात. साठ घोड्यांचं इंजिन शंभर किलोच्या वर भरतं; ते फळीवर लटकलं की धक्क्याला बांधलेली नावसुद्धा पाठीवर बसल्यासारखी दिसते. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला धावणाऱ्या होड्यांची गोष्ट वेगळी. त्यांचा तळ सपाट, कडा धारदार. त्या लाट ओलांडून पाण्यावर चढतात आणि घसरत सुटतात. त्यांना चाळीस काय, साठ काय, शोभतात. गोल पोटाच्या नावेला ते वरदान मिळालेलं नाही. तिच्यावर लादलेले जास्तीचे घोडे फक्त मोठी लाट खणतात, आणि ती लाट जाऊन तिवरांखालच्या मऊ चिखलावर आपटते, पागोऱ्या घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या छातीवर आपटते. मला ती लाट मागे सोडत जायचं नाही.

मग पाच घोड्यांवर थांबावं? कागदावर तेच उत्तर येतं, आणि कितीएक दिवस मला ते गोडही वाटत होतं. हलकं इंजिन, एका हाताने उचलून घरी न्यावं, थोडकं पेट्रोल, थोडका आवाज.

पण उधाणाच्या ओहोटीची एक संध्याकाळ मी विसरू शकत नाही. लहान नाव, मागे पाच घोड्यांचं इंजिन, सूर डोक्यात भिनेल इतका चढलेला. आम्ही मुखाकडून आत निघालो होतो. खाडीने दिवसभर पोटात घेतलेलं सगळं पाणी त्या वेळी समुद्राकडे धावत होतं, आणि वरून खारा वारा त्याच्या तोंडावर येत होता, त्यामुळे पाणी चिडून उभं राहिलेलं, आखूड, टोकदार. मी काठावरून खाली बघत होते. पाणी सरसर मागे जात होतं; फेसाचे तुकडे, माडाची एक झावळी, एक प्लास्टिकची बाटली भराभर मागे पडत होती. केवढ्या वेगाने चाललोय, असं मनात येऊन मला आनंद झाला. सुकाणूवर खारवीवाड्यातले आबा होते. त्यांचं पाण्याकडे लक्ष नव्हतं. ते दाभोळसमोरच्या धोपाव्याच्या बाजूला बघत होते. धक्क्यावरचा दिव्याचा खांब आणि मागच्या टेकडीवरचा एकटा माड, एकामागे एक. ‘तिकडं बघ ताई,’ एवढंच म्हणाले. मी बघितलं. खांबामागे माड. बऱ्याच वेळाने पुन्हा बघितलं. खांबामागे माड. दाभोळच्या काठावर जुन्या शाही मशिदीचा घुमट जिथे होता तिथेच, मावळतीचा उजेड त्याच्यावरून हळूहळू उतरत होता. अजान झाली, तिचा शेवटचा स्वर पाण्यावर पसरून विरला, आणि आम्ही अजून त्या घुमटाच्या समोरच.

पाण्याकडे पाहिलं तर धावत होतो. जमिनीकडे पाहिलं तर उभे होतो.

भीती वाटली असं नाही म्हणणार. नाव सुरक्षित होती, आबांचा हात स्थिर होता, इंजिनाच्या कुशीतून पडणारी, त्याला थंड ठेवणाऱ्या पाण्याची बारीक धार अखंड चालू होती आणि आबा अधूनमधून तिच्याकडे बघून मान हलवत होते. पण पोटात काहीतरी खोल गेलं. पलीकडच्या काठावर घराघरांत दिवे लागत होते, त्यांतला कुठला आपला हे कळत होतं, आणि तो तसूभर जवळ येत नव्हता. तेव्हापासून इंजिनाच्या आकड्याकडे मी दुसऱ्या डोळ्यांनी बघते. निघताना लागणारी ताकद कुणाकडेही असते. सकाळ असते, ओहोटी पाठीशी असते, मतलई वारा मानेवर गार लागत असतो. त्या वेळी वल्हंसुद्धा पुरतं. परतीच्या सर्वांत वाईट तासाला जेवढं लागेल, तेवढं या फळीवर असायला हवं.

आऊटबोर्डच्या जन्माची जी कथा सांगतात तीसुद्धा परतीचीच आहे, आणि मला ती म्हणूनच जवळची वाटते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये ओकाउची नावाच्या तळ्याकाठी उन्हाळ्यातली सहल होती. बेस नावाच्या तरुणीला आइस्क्रीम खावंसं वाटलं, म्हणून ओले एव्हिनरूड हा मूळचा नॉर्वेचा तरुण होडी वल्हवत पलीकडच्या काठावर गेला. आइस्क्रीम मिळालं. परत वल्हवत येईपर्यंत ते वितळलं. पुढे त्याने होडीच्या मागे अडकवता येईल असं इंजिन घडवलं, १९०९ मध्ये ते विकायला काढलं, आणि बेस त्याची बायको म्हणून त्या धंद्यात त्याच्या बरोबरीने उभी राहिली. त्या इंजिनाची ताकद होती दीड घोडा. त्याच्याआधीही अशी इंजिनं घडवणारे होते, हे खरं. पण जगभरच्या खाड्यांवर आज हजारो फळ्यांना लटकलेलं हे यंत्र एका माणसाच्या उशिरा परतण्यातून आलं, असं मानायला मला आवडतं.

तर परतीचा हिशेब. उधाणाला मुखाशी ओहोटीचं पाणी तीन नॉटने सुटलं असं धरू. नावेची चाल पाच नॉटच्या थोडी वर. उरले दोन-सव्वादोन, म्हणजे माणूस पायी चालतो तेवढा वेग; खांबामागचा माड सावकाश का होईना, सरकायला लागेल. हे झालं सपाट पाण्यात. त्यात वारा आहे, आणि आमच्या डोक्यावर केबिन आहे. दुपारचा खारा वारा जोरात असताना समुद्राकडे तोंड करून निघायचं तर ती केबिन न मागता उभारलेलं आणि कधीच न उतरवता येणारं शीड होते. तिच्या कपाळावर वाऱ्याचा तळवा टेकलेला राहतो. आखूड लाटांवर नाळ आपटते, प्रत्येक आपटीला थोडी चाल गळते. तळाला शेवाळ आणि कालवं धरली की आणखी थोडी. म्हणून पाचाच्या शेजारी आणखी पाच मांडायचे, कधीतरीच्या त्या एका तासासाठी. एरवी मूठ निम्म्यावर, सूर खालचा, केबिनमध्ये निजलेल्या माणसाची झोप न मोडणारा, आणि पूर्ण पिळल्यावर तासाला चार लिटरच्या आसपास जाणारं पेट्रोल त्याच्या कितीतरी खाली.

नऊ पूर्णांक नऊ. दहाला एक दशांश कमी.

पण घोड्यांचा आकडा ठरला म्हणून ताकद पाण्याला लागतेच असं नाही, आणि इथे दुकानातली घाई मला खटकते. त्याच आकड्याच्या दोन जाती असतात. एकीचा पंखा नऊ-सव्वानऊ इंचांचा, भिरभिर फिरणारा, हलक्या होडीला पळवण्यासाठी. दुसरीच्या पोटात गिअर मोठे, पंखा जवळजवळ बारा इंचांचा, रुंद पात्यांचा, सावकाश फिरणारा. तो पाण्याला खरवडत नाही, मिठीत घेऊन मागे लोटतो. आपल्या जुन्या वल्हेकऱ्यांचं वल्हं आठवावं. लांब, खोल, शेवटपर्यंत ओढलेलं. जड नावेला हाच पंखा मानवतो; शिवाय धक्क्याला लागताना मागे घ्यायची वेळ आली की तो नावेला खरोखर थांबवतो. आणि दांडा वीस इंचांचा हवा. पंधरा इंचांचा घेतला तर लाटेवर फळी उचलली गेली की पंखा हवा गिळतो, इंजिन किंचाळतं, आणि नेमक्या त्या क्षणी नावेच्या पाठीशी कुणीच उरत नाही.

आबांना मी हे सगळं झापांखाली बसून वाचून दाखवलं. त्यांनी पंधरा घोड्यांचं सुचवलं होतं. मोठ्या पंख्याचं ऐकल्यावर बराच वेळ ते नावेच्या पोटाकडे बघत राहिले, मग उठून मागच्या फळीची जाडी अंगठ्याने दाबून पाहिली आणि म्हणाले, ‘नऊ चालंल. पण पंख्याची पिच कुठली?’ तो प्रश्न अजून उघडा आहे. एका फेरीत पंखा पाण्यात किती इंच पुढे सरकावा, याचं उत्तर यादीत मिळत नाही. पूर्ण मूठ पिळल्यावर इंजिनाचे फेरे कंपनीने सांगितलेल्या पट्ट्यात यायला हवेत, बहुतेकदा पाच हजार ते सहा हजारांच्या मध्ये. खाली राहिले तर पिच जास्त, वर गेले तर कमी. दोन पंखे मागवले आहेत. नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ पाण्यात जाईल, त्या दिवशी काम नाही. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा. एकाची पाऊणपट पाऊण, म्हणजे पाऊण वाजता भरती भरेल, आणि पावणेचारला ओहोटी सर्वांत जोरात असेल. भरतीला चाचणी घेऊ नये, असं आबांचं म्हणणं. मुखाबाहेर जायचं नाही, धोपाव्यासमोरच थांबायचं, आधी मोठ्या पिचचा पंखा लावायचा, दुसरा पंखा आणि पाना केबिनमध्ये, आणि खांब-माडाकडे कुणी बघायचं तेही ठरलं आहे: ते मी बघणार, मूठ त्यांच्या हातात. पावणेचारला निघतोय.